शुक्राणूंची प्रगत तपासणी : कोणाची, केव्हा आणि कशासाठी?

मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेत ‘वांझ’ हा जिव्हारी लागणारा शब्द आहे. ज्या पुरुषाच्या दोषामुळे मूल होत नाही, त्याच्यासाठी मात्र बोलीभाषेत असा स्वतंत्र शब्द नाही. फार तर त्याला ‘नपुंसक’ म्हटले जाते आणि सारा घोटाळा तेथेच सुरू होतो. शरीरसंबंधाची क्षमता आणि अपत्यनिर्मितीची क्षमता या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिली उत्तम असूनही दुसरी शून्य असू शकते. हे न कळल्यामुळे वीर्यतपासणीची गोष्ट काढली की पुरुषाला ती आपल्या पौरुषावरची शंका वाटते. “मी धडधाकट आहे की डॉक्टर, माझ्यात काय दोष असणार?” हा प्रश्न आपल्या तालुक्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलेला आहे. त्यामागोमाग सासूबाईंचे “सुनेला तेवढं नीट तपासा बघू” हेही ऐकलेले आहे.

गंमत अशी की, आपल्या प्राचीन वैद्यकाने हा पक्षपात केलेला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्र आणि शोणित या दोहोंच्या शुद्धीविषयी आहे. चरकाचार्यांनीही शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, शुक्राणू कोणी पाहिलेला नव्हता. परंतु गर्भधारणा दोघांची आणि तिच्यातील दोषही दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, हा विवेक होता. पुढे १६७७ साली लेव्हेनहूक या डच संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. त्यालाही आता साडेतीन शतके होत आली. तरीही आपल्याकडे अनेक घरांत सुनेची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया होऊन जाते, तेव्हा कुठे मुलाच्या साध्या वीर्यतपासणीचा विषय निघतो. वास्तविक वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो.

अलीकडे या चित्रात एक नवी भर पडली आहे. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, गोवा येथील वंध्यत्व केंद्रांत जाऊन आलेली जोडपी जाडजूड फायली घेऊन आपल्याकडे परत येतात. त्या फायलींत ‘स्पर्म डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स’ अशा नावाचे अहवाल असतात आणि “डॉक्टर, हे काय आहे, आम्हाला समजावून सांगा” असा आग्रह असतो. या प्रगत तपासण्यांविषयी आपल्या व्यवसायबंधूंत आणि समाजात नेमकी जाण असावी, या हेतूने हा लेखनप्रपंच. माझे मत आरंभीच सांगतो. प्रगत तपासणी काही निवडक जोडप्यांना खरोखरच उपयोगी पडते. परंतु साधी तपासणी नीट केल्यावाचून प्रगत तपासणी करणे म्हणजे पाया न घालता माडी चढविणे होय.

साधी तपासणी साधी नाही

जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीची पुस्तिका प्रथम १९८० मध्ये काढली. तिची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. या आवृत्तीनुसार किमान संदर्भमूल्ये अशी आहेत : वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे शुक्राणू ४२ टक्के आणि निर्दोष आकाराचे शुक्राणू ४ टक्के. हे आकडे परीक्षेतील उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हेत. एका वर्षाच्या आत ज्यांच्या पत्नींना गर्भधारणा झाली अशा पुरुषांच्या मोजमापांवरून ते काढलेले आहेत आणि त्या पुरुषांतील तळाच्या ५ टक्क्यांची मोजमापे याहूनही कमी होती. म्हणजे या आकड्यांच्या खाली असलेला पुरुषही पिता होऊ शकतो आणि वर असलेला पुरुषही वंध्य असू शकतो. ‘निर्दोष आकार ४ टक्के’ असे वाचून ‘माझे ९६ टक्के बीज खराब’ असा धसका घेतलेले तरुण मी पाहिले आहेत. त्यांना औषधाची नव्हे, दोन मिनिटांच्या स्पष्टीकरणाची गरज असते.

तपासणीची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. दोन ते सात दिवसांचा संयम, संपूर्ण नमुना, स्वच्छ रुंद तोंडाचे भांडे आणि नमुना मिळाल्यापासून एका तासाच्या आत तपासणी हे नियम आपण सारे जाणतो. परंतु कणकुंबी-जांबोटी भागातील तरुणाने लाजेपोटी घरीच नमुना घेतला, बाटली पिशवीत ठेवली आणि पावसाळ्याच्या गारठ्यात एसटीने दोन तास प्रवास करून ती बेळगावच्या प्रयोगशाळेत दिली, तर शुक्राणूंची हालचाल मंद दिसणारच! असा एक अहवाल घेऊन एक जोडपे माझ्याकडे आले होते. त्या एकाच अहवालाच्या आधारे एका मोठ्या शहरातील केंद्राने त्यांना महागडी डीएनए तपासणी आणि टेस्ट ट्यूब उपचार असे दोन्ही सुचविले होते. पतीला प्रयोगशाळेतच नमुना देण्यास सांगून तपासणी पुन्हा करविली, तेव्हा अहवाल संदर्भमूल्यांच्या बराच वर आला. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे आणि एरवीही सदोष अहवालानंतर दुसरा नमुना पाहिल्याखेरीज निष्कर्ष न काढणे, हे पथ्य आपण पाळलेच पाहिजे.

डीएनए तपासणी म्हणजे काय?

साध्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, गती आणि रूप कळते; पोटातील मालाची प्रत कळत नाही. शुक्राणू हा पित्याकडून येणारा आनुवंशिक वारसा वाहून नेणारा दूत आहे. इवल्याशा मस्तकात तो वारसा मावावा म्हणून निसर्ग हिस्टोन प्रथिने काढून त्यांच्या जागी प्रोटॅमिन प्रथिने बसवितो आणि डीएनएचा धागा घट्ट वळून ठेवतो. या बांधणीत उणीव राहिली किंवा ऑक्सिडीकरणाचा मारा झाला, तर धागा जागोजागी तुटतो. परिपक्व शुक्राणूला स्वतःची डागडुजी करता येत नाही. ते काम फलनानंतर स्त्रीबीज काही प्रमाणात करते. स्त्रीचे वय वाढते तशी ही क्षमता घटते.

हे तुटलेपण मोजण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत : एससीएसए, ट्यूनेल, कॉमेट आणि एससीडी. शेवटच्या पद्धतीत डीएनए अखंड असलेल्या शुक्राणूभोवती सूक्ष्मदर्शकाखाली प्रभामंडळ दिसते. तुटलेल्या शुक्राणूभोवती ते दिसत नाही किंवा अगदीच लहान दिसते. प्रत्येक पद्धतीची मोजपट्टी निराळी आहे. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडून पाहणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहाव्या आवृत्तीत ही तपासणी नित्याच्या तपासणीत नसून ‘विस्तारित’ तपासण्यांत आहे आणि सर्वांना लागू पडेल अशी एकच मर्यादारेषा तिने दिलेली नाही. यास्तव ‘इंडेक्स इतका आला, आता नैसर्गिक मूल होणे नाही’ असे कोणी ठामपणे सांगत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही.

कोणासाठी?

अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या आणि प्रजननवैद्यकाच्या संघटनांनी २०२० मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वंध्यत्वाच्या प्राथमिक तपासणीत डीएनए तपासणी करू नये, मात्र वारंवार गर्भपात होत असतील तर पतीच्या गुणसूत्रांची आणि शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करावी, असे त्यांत म्हटले आहे. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना वारंवार गर्भपात आणि अकारण वंध्यत्व या दोन्ही प्रसंगी या तपासणीची शिफारस करते. मला हा मार्ग सयुक्तिक वाटतो. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन संशोधन संस्थेतही वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतील पुरुषांच्या शुक्राणूंवर संशोधन झालेले आहे. म्हणजे हा विचार आपल्यापासून फार दूर कोठे चाललेला आहे, असेही नाही.

वारंवार गर्भपात हा विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात स्त्रीची दुहेरी होरपळ होते. माझ्या पाहण्यातील एका भगिनीचे तीन गर्भ लागोपाठ गळून पडले. तिच्या सर्व तपासण्या झाल्या, त्या निर्दोष निघाल्या, नवस-सायास झाले, आणि तरीही ‘हिच्या पोटात टिकत नाही’ हा शेरा कायम राहिला. पतीच्या शुक्राणूंची संख्या उत्तम होती, म्हणून त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नव्हते. तो ओतकाम कारखान्यात भट्टीजवळ काम करीत असे आणि तंबाखू सतत तोंडात. डीएनए तपासणीत तुटलेपण पुष्कळच वाढलेले आढळले. तेवढ्यावरून गर्भपातांचे कारण निश्चित सापडले असे मी म्हणणार नाही. शास्त्र तितके पुढे गेलेले नाही. परंतु त्या दिवशी प्रथमच त्या घरात हा प्रश्न दोघांचा झाला. त्याने तंबाखू सोडली, भट्टीजवळचे काम बदलून घेतले आणि पुढच्या प्रत्येक भेटीस तो पत्नीबरोबर आला. एका अहवालाने एवढे साधले तरी त्याचे मोल मी कमी मानीत नाही.

आपल्या सीमाभागात या बाबीचा स्वतंत्र विचार व्हावा अशी परिस्थिती आहे. खानापूरच्या विटा-कौलांच्या भट्ट्या, बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकाम आणि गोव्याच्या वाटेवर तासन्‌तास मालमोटारी चालविणारे चालक यांच्या वृषणांना नित्य उष्णता सोसावी लागते. शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान मिळावे म्हणूनच निसर्गाने वृषणे देहाबाहेर ठेवली आहेत, हे येथे आठवावे. निपाणी परिसर तर तंबाखूसाठीच प्रसिद्ध. आणि तंबाखूचा शुक्राणूंवर होणारा दुष्परिणाम आता वादातीत आहे. शेतीतील कीटकनाशकांची फवारणी तोंडाला रुमालही न बांधता केली जाते. मद्य, लठ्ठपणा आणि मधुमेह यांची भर आहेच. त्यामुळे प्रगत तपासणीपूर्वी पुरुषाला त्याचा व्यवसाय, व्यसन, लहानपणचे गालगुंड, हर्नियाची शस्त्रक्रिया, क्षयाचा इतिहास हे सारे विचारणे आणि त्याला झोपवून व उभे करून तपासणे आवश्यक आहे. व्हॅरिकोसील हाताला लागते. त्यासाठी हजारो रुपये लागत नाहीत.

उपचारांच्या बाजारात

तपासणीत दोष निघाला की उपचारांचा बाजार सुरू होतो. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, जस्त, फॉलिक आम्ल यांची चिठ्ठी लिहिणे सोपे आहे. परंतु अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पतीला सहा महिने जस्त व फॉलिक आम्ल देऊनही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. उलट डीएनएचे तुटलेपण औषध घेणाऱ्या गटात किंचित अधिकच आढळले. ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हायल्युरोनिक आम्लाच्या साहाय्याने शुक्राणू निवडण्याची महागडी पद्धत वापरली गेली. तिच्यामुळे गर्भपाताचे प्रमाण कमी दिसले. परंतु पूर्ण दिवसांच्या अपत्यजन्माचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. ‘प्रगत’ या विशेषणाला भुलून शेत गहाण टाकणाऱ्या जोडप्याला हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

व्यवसायबंधूंना येथे एक कळकळीची सूचना करावीशी वाटते. अपत्याची इच्छा असणाऱ्या पुरुषाला ‘शक्ती’ यावी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने कदापि देऊ नयेत. बाहेरून दिलेले हे संप्रेरक मेंदूकडून वृषणांना जाणारी आज्ञा थांबविते आणि होते तेवढेही शुक्राणू नाहीसे होतात. व्यायामशाळांत खपणाऱ्या स्टेरॉइडांचेही तेच. तरुण पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नाहीत असे आढळल्यास हा प्रश्न आधी विचारावा.

शुक्राणू अजिबात नसतील किंवा अत्यंत कमी असतील, तेथे मात्र प्रगत तपासणी ही चैन नसून गरज आहे; आणि ती डीएनएच्या तुटलेपणाची नव्हे, तर गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रावरील एझेडएफ भागाची. त्यातील ‘ए’ किंवा ‘बी’ भाग पूर्ण गळालेला असेल तर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणजे एका रक्ततपासणीने निष्फळ शस्त्रक्रिया आणि खर्च टळतो. ‘सी’ भाग गळालेला असेल तर काही जणांत शुक्राणू मिळतात. परंतु तोच दोष मुलाकडे जातो, हे जोडप्याला आधी सांगितले पाहिजे. बीजवाहिन्या जन्मतःच नसतील तर सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाची तपासणी दोघांचीही करावी लागते.

भार कोणाच्या शरीरावर?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला, तेव्हा मराठी मुलखाला त्याचा सार्थ अभिमान वाटला. पुढे १९९२ मध्ये ब्रसेल्स येथील शास्त्रज्ञांनी एकच शुक्राणू स्त्रीबीजात टोचण्याची ‘इक्सी’ पद्धत यशस्वी झाल्याचे जाहीर केले आणि पुरुषवंध्यत्वाच्या उपचारांत क्रांती झाली. परंतु प्रत्येक क्रांतीची एक सावली असते. एक शुक्राणू पुरेसा आहे म्हटल्यावर पुरुषाला तपासण्याची गरजच काय, अशी वृत्ती बळावली. दोष पतीचा, पण दहा-बारा दिवस इंजेक्शने, भूल देऊन बीज काढणे आणि त्यातील धोके हे सारे निरोगी पत्नीच्या शरीरावर! पुरुषाची वेळेवर, नीट आणि आवश्यक तेथे प्रगत तपासणी करणे हा म्हणूनच केवळ विज्ञानाचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे. व्हॅरिकोसीलच्या उपचाराने किंवा व्यसनमुक्तीने जे काम होण्याजोगे असेल, त्यासाठी स्त्रीला शस्त्रक्रियागृहात नेणे योग्य नव्हे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून देशभर अमलात आहे. आपले रुग्ण कर्नाटकात, महाराष्ट्रात की गोव्यात जातात, याने त्यांच्या हक्कांत फरक पडत नाही. केंद्राची नोंदणी असणे, यशाची शक्यता, धोके व खर्च यांची आधी कल्पना देणे आणि लेखी संमती घेणे हे सर्वत्र बंधनकारक आहे. पण संमतीपत्र इंग्रजीत आणि समजावणी घाईत झाली, तर मराठी बोलणाऱ्या शेतकरी जोडप्याला त्यातले काय कळणार? तेथे त्यांच्या गावचा डॉक्टरच त्यांचा खरा दुभाषी. फाईल उघडून, शब्दांचा अर्थ मातृभाषेत सांगून, ‘हे करा, हे तूर्त थांबवा’ असे म्हणणारा कोणीतरी त्यांना हवा असतो.

यासाठी आपल्या मंडळाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात असे मी सुचवितो. पहिली, वंध्यत्वासाठी येणाऱ्या प्रत्येक जोडप्यात पत्नीच्या कोणत्याही शस्त्रक्रियात्मक तपासणीपूर्वी पतीची वीर्यतपासणी झालीच पाहिजे, असा अलिखित नियम आपण सर्वांनी पाळावा. दुसरी, तालुक्यातील प्रयोगशाळांच्या तंत्रज्ञांसाठी सहाव्या आवृत्तीनुसार वीर्यतपासणीचे प्रशिक्षण बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्याने आयोजित करावे आणि नमुना देण्यासाठी कडी लागणारी, स्वच्छ, एकान्ताची खोली प्रत्येक प्रयोगशाळेत असावी. तिसरी, नमुना कसा द्यावा आणि अहवाल कसा वाचावा, याचे एक पानी मराठी व कन्नड पत्रक काढावे. या तिन्ही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

समाजातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. सुनेला दवाखान्यात पाठविताना मुलालाही बरोबर पाठवा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर मोकळेपणाने लिहिले. त्याला आता शंभर वर्षे होत आली. ज्या भाषेत हे घडले, त्या भाषेत नवऱ्याच्या तपासणीचा विषय अजूनही कुजबुजत काढावा लागू नये. सर्व प्रयत्नांनंतरही काही जोडप्यांना स्वतःचे मूल होणार नाही. त्यांच्यासाठी कायदेशीर दत्तकविधानाचा मार्ग खुला आहे आणि मुलावाचून दोघांनी सुखाने राहण्याचा मार्गही तितकाच सन्मानाचा आहे.

विज्ञानाने शुक्राणूच्या मस्तकातील धागा तुटला आहे की नाही, हे पाहण्यापर्यंत मजल मारली आहे. त्याचा लाभ योग्य जोडप्यांना मिळाला पाहिजे, यात शंका नाही. मात्र त्या तपासणीची पहिली पायरी अत्याधुनिक यंत्र ही नसून नवऱ्याचे दवाखान्यात येणे ही आहे; आणि त्याला तेथवर आणणे तुमच्या-आमच्या हाती आहे.